बुंदीला क्लास लावावा की घरीच शिकवावं?

वैदेही_कर्वेनगर (धागाकर्ती)

प्राणीप्रेमी आणि प्राणीत्रस्त, दोघांचेही सल्ले चालतील.

आमच्याकडे लॅब्रॅडॉरचं साडेचार महिन्यांचं पिल्लू आहे. मुलगी आहे, नाव बुंदी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, माणसं चार: मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत घरात सासूबाई आणि बुंदी. शी-शूचं बरंचसं जमलंय. खाण्याबद्दल तर बोलायलाच नको, लॅबच ती. पण चालत्या पायाला दात लावते, सासूबाईंच्या गाऊनचा काठ तोंडात धरून लोंबते, बेल वाजली की आलेल्या माणसाच्या अंगावर झेपावते. खाली गेल्यावर मी तिला फिरवते की ती मला, हे वॉचमनलाही सांगता येणार नाही. पट्टा हातातून निसटला तर हाक ऐकण्याचा प्रश्नच येत नाही.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला, ट्रेनर घरी येणार, आठवड्यातून तीन दिवस, तीन महिने, एकूण ३६ हजार. दुसरा, शहराबाहेर एका फार्मवर 'हॉस्टेल': महिनाभर कुत्रं त्यांच्याकडे सोडायचं, ते शिकवून परत देतात. पैसे जरा कमी, वर घरच्या गाद्याउशांना महिनाभर सुट्टी. तिसरा पर्याय नवऱ्याचा, "यूट्यूबवर सगळं फुकट आहे." नवरा यूट्यूबवरून आजवर गिटार आणि आंबवलेला ब्रेड शिकलाय. घरात दोन्हीची मागणी नाही.

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगा. पैशांचं चीज होतं का?

रानवारा

आमच्या गावी, वाई तालुक्यात, घरात कायम दोन-तीन कुत्री. रानात जातात, शेरडं राखतात, अनोळखी माणूस दिसला की भुंकतात, घरच्या पोराबाळांना आजवर दात लावलेला नाही. यांच्यातल्या कुणाला कुठल्या क्लासला घातलं होतं? ३६ हजारांत चांगली दुभती शेळी येईल, वर दोन करडं. जीव लावा, वेळ द्या, आपोआप शिकतं.

कडवट_कारलं

सोसायटीतल्या माणसांसाठी आहे का असा एखादा क्लास? 'लिफ्टमधला माणूस आधी बाहेर येऊ द्यावा' एवढा एकच धडा. हॉस्टेलवर ठेवणार असाल तर आमच्या विंगमधले चौघं मी स्वखर्चाने पाठवतो.

मुक्काम_लीड्स

@रानवारा, तुमची कुत्री बिनक्लासची नाहीत हो. ती सकाळपासून रात्रीपर्यंत वर्गातच असतात. मोठी कुत्री त्यांना चावण्याची मर्यादा शिकवतात, शेरडं शिंगं दाखवतात, म्हातारा माणूस काठी आपटतो. आणि मुख्य म्हणजे नको वाटलं तर ती उठून लांब जाऊ शकतात. फ्लॅटमधल्या पिल्लाला आठव्या आठवड्यात आईपासून तोडून आणलेलं असतं, भावंडं नाहीत, कंटाळा आला किंवा भीती वाटली तर जायला जागा नाही. वाईचं गणित कर्वेनगरला लावता येणार नाही.

आमचा अनुभव गटवर्गाचा आहे. इकडे इंग्लंडमध्ये पिल्लांचे वर्ग सर्रास असतात. चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा, सहा-सात पिल्लं आणि त्यांची अख्खी कुटुंबं. मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की शिकवणारी बाई पिल्लांना जवळपास हातच लावत नव्हती. सगळा वेळ तिचं लक्ष माणसांच्या हातांकडे. "तुमचा खाऊ आधी दिसतोय, हुकूम नंतर येतोय." "तो बसला तेव्हा तुम्ही खिसा चाचपत होतात, खाऊ मिळेपर्यंत तो उठला, म्हणजे बक्षीस कशाचं मिळालं? उठण्याचं." व्हिडिओतला माणूस कितीही चांगला शिकवत असला तरी त्याला आपले हात दिसत नाहीत. मला विचाराल तर पैसे त्या नजरेचे द्यायचे. 'बस' आणि 'थांब' तर कुणीही शिकवेल.

डॉ_शेपूट

पशुवैद्य आहे, नाशिकला असतो. दोन गोष्टी आधी.

पहिली, पायाला दात लावणं. साडेचार महिने म्हणजे दुधाचे दात पडायचा हंगाम. चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत २८ दुधाच्या दातांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात. ही वागण्याची खोड कमी आणि वयाची गरज जास्त. जुना नॅपकिन भिजवून पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तो चघळताना नजर ठेवा. जाड गाजर गार करून द्या. पाय धरला की पाय ओढू नका, ओढलेला पाय म्हणजे पळणारं सावज. थांबा, दुसरी वस्तू तोंडात द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं ते पुढे 'नेहमीचं' वाटतं. आणि नेमक्या याच काळात आम्ही डॉक्टर सांगतो, लसी पूर्ण होईपर्यंत खाली उतरवू नका. दोन्ही खरं आहे. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट म्हटलं, की लशीची पहिली फेरी झाल्यावर किमान सात दिवसांनी पिल्लाला वर्गात न्यायला हरकत नाही. कारण आजाराइतकीच पुढे भीतीतून येणारी वागणूक कुत्र्यांच्या जिवावर उठते. आपल्याकडे रस्त्यावर पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गांचा धोका मोठा, त्यामुळे मी मधला रस्ता सांगतो: कडेवर घेऊन भाजी मंडईत जा, रिक्षातून फिरवा, लसी झालेलं मोठं कुत्रं असलेल्या ओळखीच्या घरी न्या.

तुमच्या बुंदीचा तो काळ सरला आहे. म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही, पण आता रोज थोडं जाणीवपूर्वक करावं लागेल. पिल्लांच्या लसींची शेवटची फेरी सोळाव्या आठवड्याच्या सुमारास होते, ती आणि रेबीजची झाली असेल तर क्लासचा निर्णय होईपर्यंत बाहेरचं जग थांबवून ठेवू नका.

शिस्तप्रिय

एवढा काथ्याकूट कशाला? कुत्रा हा लांडग्याचा वंशज. कळपात एक म्होरक्या असतो, तो आपण. घरात आधी माणसं जेवणार, मग कुत्रा. दारातून आधी माणूस. अंगावर उडी मारली की गुडघा छातीत. ओढलं की चोक चेनचा (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) एक झटका, आठवड्यात सरळ. माझा जर्मन शेफर्ड माझ्या नजरेवर चालतो, आणि एक रुपया कुणाला दिला नाही.

शेषरेषा

@शिस्तप्रिय, हा म्होरक्या आला कुठून ते बघा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून वर्चस्वाच्या लढतींबद्दल लिहिलं. पिंजऱ्यात कोंडलेले लांडगे ते. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांनी आपल्या पुस्तकातून ती कल्पना लोकांपर्यंत नेली. मग त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, अनेक उन्हाळे मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहून टाकलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या वगैरे लढून झालेला नसतो, तो बाप असतो. आपण मात्र कुत्र्याआधी जेवत बसलोय.

झटक्याबद्दल: पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही बक्षिसावर शिकवणाऱ्या शाळांतली, काही झटके-ओरडा देणाऱ्या शाळांतली. दुसऱ्या गटात धापा टाकणं, ओठ चाटणं, जांभया असली ताणाची लक्षणं जास्त, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोनही जास्त. पण मला त्यातली वाटीची चाचणी आवडली. एका बाजूला ठेवलेल्या वाटीत कायम खाऊ, दुसऱ्या बाजूच्या वाटीत कधीच नाही, हे कुत्र्यांना कळलं. मग वाटी मधोमध ठेवली. सगळ्यात जास्त शिक्षा वापरणाऱ्या शाळांमधली कुत्री तिच्याकडे उशिरा, रेंगाळत गेली. 'असेल तिथे काही चांगलं' ही आशाच कमी.

अवांतर: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात जनावराला मारणं बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, रुपयेच. छापताना शून्य गळालेलं नाही.

शिस्तप्रिय

परदेशातले अभ्यास परदेशात ठेवा. पोलिसांची, मिलिटरीची कुत्री काय खाऊ दाखवून तयार होतात का?

अण्णा_निवृत्त

हो.

नोकरीची बरीच वर्षं श्वानपथकात काढली, म्हणून लिहितो. बॉम्ब शोधणारं कुत्रं कशासाठी शोधतं? चेंडूसाठी. त्याला देशसेवा कळत नाही. वास सापडला की गप खाली बसायचं, भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, आणि बसलं की चेंडू. चेंडूचं वेड नसलेलं पिल्लू आम्ही निवडतच नाही. दम देऊन आज्ञा पाळून घेता येते साहेब, पण दम देऊन वास शोधून घेता येत नाही. घाबरलेलं कुत्रं तुमच्या तोंडाकडे बघतं, जमिनीकडे नाही.

मुंबईच्या पथकातला जंजीर सगळ्यांना ठाऊक आहे. लॅब्रॅडॉरच होता, ताईंच्या पिल्लाच्या जातीचा. पुण्यात सीआयडीच्या केंद्रात शिकला, डिसेंबर १९९२ मध्ये पथकात आला आणि मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने जे आरडीएक्स हुंगून काढलं ते तीन हजार किलोंच्या वर होतं.

आता ताईंच्या प्रश्नाचं. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं केंद्र आहे. तिथे कामाप्रमाणे सहा ते नऊ महिने शिक्षण असतं. पण कुत्रं एकटं जात नाही. हॅण्डलर बरोबर जातो. खरारा तोच करणार, खाणं तोच देणार, परीक्षाही दोघांची मिळून. म्हणून पुढं रजा, बदली लक्षात घेऊन एका कुत्र्यामागं दोन हॅण्डलर ठेवतात. उद्या तिसराच माणूस दोरी धरून उभा केला तर तेच कुत्रं अर्धं काम करतं. सरकार एवढा खर्च करून माणसाला बरोबर पाठवतं आणि आपण महिनाभर कुत्रं एकटं हॉस्टेलला टाकतो, हे मला कधी समजलं नाही.

मिनी_मुलुंड

अण्णांशी शंभर टक्के सहमत. आमचा बीगल असाच ठेवला होता एका ठिकाणी, नाव लिहीत नाही. रोज व्हिडिओ यायचा: तीच जागा, तोच माणूस, कुत्रा बसतोय, लोळतोय, हात देतोय. परत आला तेव्हा त्या माणसासमोर अगदी कवायत. तो गाडी काढून गेला आणि आमच्यासमोर शून्य. ते एकवेळ ठीक. पण कुणी पंखा लावायला हात वर केला तरी तो जमिनीला चिकटायचा. ही सवय त्याला घरातून मिळालेली नव्हती. तिथे काय झालं ते आम्हाला कुणी सांगणार नाही, आणि कुत्र्याला सांगता येणार नाही.

गच्चीवाली

मी पूर्ण घरी शिकवलेल्यांपैकी. डोंबिवली, देशी कुत्री, नाव शेवंती, शाकाहारी घर. वैदेही, तुम्ही लिहिलेल्या यादीतलं सगळं घरी होण्यासारखं आहे, पण 'फुकट' नाही. रोजचा वेळ जातो. सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे सरका.

खाऊ: पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, उकडलेलं रताळं, बिनमिठाचे चुरमुरे. घरात चुरमुरे, बाहेर पनीर. बाहेर जगाशी स्पर्धा असते, तिथे चुरमुऱ्यावर कोण येणार? लॅब लवकर जाड होतात, तेव्हा खाऊ जेवणातून वजा करा. वाटीत जेवण देणंच काही दिवस बंद करा आणि तेच दाणे दिवसभर शिकवताना वापरा. बेदाणे, मनुका, चॉकलेट आणि कांदा घातलेलं काहीही चुकूनसुद्धा नको, विषारी आहे.

वेळ: पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पिल्लाचं लक्ष त्यापुढे टिकत नाही. माझंही टिकत नाही.

ओढणं: दोरी ताणली की थांबायचं. पुतळा. बोलायचं नाही, झटका नाही. वळून बघितलं, दोरी ढिली पडली की पुढे. सुरुवातीला गेटपर्यंत पोचायला अर्धा तास लागतो आणि शेजारी विचारतात, काही विसरलात का. पण नियम एकदाही मोडायचा नाही. सकाळी थांबलात आणि संध्याकाळी घाई आहे म्हणून ओढत नेऊ दिलंत, तर कुत्रं एवढंच शिकतं की कधीकधी ओढून चालतं, आणि मग ते दुप्पट जोराने ओढून बघतं. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, लॅबच्या ताकदीपुढे मनगट वाचतं. चोक चेन नको.

हाक: हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जिवाचं. हाक मारून बोलावलं आणि नखं कापली, हाक मारून बोलावलं आणि खेळ बंद करून घरी नेलं, असं होत राहिलं की कुत्र्याच्या लेखी हाक म्हणजे शिक्षा. अंघोळीला बोलवायचंच नाही, जाऊन उचलून आणायचं. हाक फक्त चांगल्यासाठी. बागेत बोलवा, पनीर द्या आणि परत सोडून द्या, म्हणजे आलं की खेळ संपतो असं वाटत नाही. मी कपडे वाळत घालायची सुती दोरी घेतली, दहा मीटर, आणि आमच्या गच्चीवर हे केलं. येईल याची खात्री नसेल तर हाक मारायचीच नाही, दोरी गोळा करत तिच्यापर्यंत जायचं. आणि उशिरा आली तरी रागवायचं नाही. हे फार जड जातं.

उड्या: चारी पाय जमिनीवर असतील तेव्हाच लक्ष, नाहीतर पाठ. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. "असू दे हो, मला आवडतात कुत्री" म्हणणारे पाहुणे सगळ्यात घातक.

आता माझ्या पद्धतीची उणी बाजू. शेवंती मला आणि आमच्या गच्चीला छान ओळखते. दुसरं कुत्रं समोर आलं की सगळं विसरायची, कारण सरावाला दुसरं कुत्रं आणणार कुठून? लीड्सवाल्यांचा तो हॉल मला हेवा वाटण्यासारखा आहे.

हाकारे

एक सावधगिरीचा शब्द. वरचं सगळं धडधाकट, आनंदी पिल्लासाठी. कुत्रं खाताना गुरगुरत असेल, माणसाला रक्त निघेपर्यंत चावलं असेल, एकटं राहिलं की दार ओरबाडून पंजे फोडून घेत असेल, तर व्हिडिओही नको आणि सिट-स्टे शिकवणारा ट्रेनरही नको. आमचं दत्तक घेतलेलं कुत्रं असंच होतं. आधी पशुवैद्याकडे तपासणी (त्याचा कान आतून पिकला होता, हात लावला की चावायचं), मग वर्तनाचं काम करणारी व्यक्ती. त्याला 'बस' शिकवून काय उपयोग होता? बसून चावलं असतं.

डॉ_शेपूट

@हाकारे, अगदी. अचानक चिडचिडा झालेला कुत्रा आला की मी आधी कान, दात आणि कंबर बघतो.

नवा_वाचक

धागा उत्तम चाललाय. पण ट्रेनर निवडायचा कसा ते कुणी लिहील का?

शेषरेषा

आपल्याकडे ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. एखादं परदेशी प्रमाणपत्र असेल तर चांगलंच, पण ते बघून निर्णय करू नका. मी एकच प्रश्न विचारतो: "कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?" उत्तरात 'करेक्शन' (झटका, दम वगैरेचं गोंडस नाव) आलं, की ते करून दाखवा म्हणायचं, आपल्या कुत्र्यावर नव्हे, तोंडी. मग कळतं. चांगली माणसं म्हणतात, चुकलं म्हणजे मी जास्त अवघड मागितलं, सोपं करून परत विचारेन.

त्याच्या दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाकडची शिकवणी बघायला मागा. कुत्र्याची शेपटी बघा, कान बघा. आणि "तुम्ही आत बसा, तुमच्यासमोर तो लक्ष देत नाही" म्हणणाऱ्याला चहा पाजून रवाना करा. महिन्यात शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्याला चहासुद्धा नको.

मुक्काम_लीड्स

आणि रिमोटवाला पट्टा खिशातून काढला तर तिथेच थांबवा. वेल्समध्ये विजेचे झटके देणारे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत. भारतात ऑनलाइन सहज मिळतात आणि वर 'ट्रेनिंग कॉलर' असं गोंडस नाव.

वैदेही_कर्वेनगर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवताना मी धागा मोठ्याने वाचून दाखवला. नवरा गच्चीवालीच्या बाजूने, मुलगा अण्णांच्या बाजूने (आता त्याला बुंदीला बॉम्ब शोधायला शिकवायचंय). सासूबाई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं. पण दिवसभर तिच्यासोबत असते मी. तुम्ही संध्याकाळी येऊन पाच-पाच मिनिटं शिकवणार, आणि उरलेला सगळा दिवस ती काय शिकते ते मला विचारलंय का कुणी?"

कुणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांच्याकडून ती बरंच शिकलीये. भुंकली की पोळीचा तुकडा मिळतो, कारण दुपारी त्यांना झोपायचं असतं. गाऊन धरला की त्या ओरडून पाय झाडतात, म्हणजे बुंदीच्या दृष्टीने खेळ सुरू. वय ६८, गुडघे दुखतात, त्यामुळे दोरी धरून खाली नेणं शक्य नाही. आता बोला.

कडवट_कारलं

सासूबाईंना आमच्या सोसायटीच्या कमिटीवर घ्या.

अण्णा_निवृत्त

ताई, मग तुमचा हॅण्डलर ठरला. आजी. तुम्ही तिघं दुसऱ्या नंबरचे हॅण्डलर.

आता क्लास कुणासाठी आणि कुठल्या वेळी लावायचा ते बघा. ट्रेनर संध्याकाळी सातला येऊन साहेबांसमोर 'हील' (पायाशी लागून चालणं) शिकवणार असेल तर त्याचा आजींना काय उपयोग? त्याला दुपारी बोलवा. आजी खुर्चीत बसतील, ट्रेनर बाजूला उभा राहील. आजींना वाकायला, धरायला लागू नये असंच काम शिकवायचं. एक, चटईवर जाऊन बसणं. दोन, तोंडातली वस्तू सोडणं. तीन, बेल वाजली की चटईकडं जाणं. बाहेरचं चालणं-ओढणं तुम्ही लोकांनी बघा.

गच्चीवाली

+१ अण्णा. त्यात भर: आजींच्या खुर्चीशेजारी झाकणाच्या डब्यात दाणे ठेवा. बुंदी शांत आडवी दिसली की काही न बोलता दोन दाणे तिच्या पुढ्यात टाकायचे, बस. भुंकून मागितलं तर डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. पहिले काही दिवस भुंकणं वाढेल, कारण आजवर चाललेली युक्ती चालेना म्हणून ती आणखी जोर लावणार. नेमक्या तेव्हा पोळी दिली तर मोठ्याने भुंकायचं शिक्षण पूर्ण. आणि लहान मुलांसाठी दाराला लावतात तसली आडवी जाळी स्वयंपाकघराच्या दाराला लावा. आजींनी गरम भांडं उचललं आहे आणि पायात पंचवीस किलोंचं कुत्रं, हे पुढच्या काही महिन्यांतलं चित्र आहे.

वैदेही_कर्वेनगर

दोन ट्रेनरशी बोलले. ३६ हजारवाले म्हणाले, "आजींना मध्ये घेऊ नका, कुत्रा कन्फ्यूज होतो, आधी मी तयार करून देतो." दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांनी आधी विचारलं की आजींना किती वेळ बसवतं आणि कुठल्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो. त्या आठवड्यातून एकदाच येतात, दुपारी, मधले दिवस आपण करायचं आणि मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा, म्हणजे त्यांना आपले हात दिसतात. पैसेही भेटीप्रमाणे, आगाऊ पॅकेज नाही. त्यांना हो म्हटलंय. हॉस्टेल रद्द. गाद्याउशा नशिबावर.

रविवारी सकाळी ओळखीतल्या तीन कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना मोकळ्या मैदानावर बोलवायचं ठरतंय, लांब अंतरावरून सुरुवात. कोथरूड-कर्वेनगर भागातलं कुणी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. लसीकरणाची वही दाखवावी लागेल, बाकी अट नाही.

शिस्तप्रिय

मी वारज्याला असतो. शेफर्डला आणू का? चेन काढून आणतो. पण तो दुसऱ्या कुत्र्यांवर जातो, आधीच सांगतो.

हाकारे

पहिल्या रविवारी नको, @शिस्तप्रिय. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पिल्लं दिसतील पण तो भुंकणार नाही इतक्या लांब उभे राहा आणि त्याने पिल्लांकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं की खाऊ द्या. तोंडाला जाळी लावायची असेल तर आधी घरी जाळीत खाऊ ठेवून आठवडाभर सवय करा, मैदानावर पहिल्यांदा चढवू नका. भुंकलाच तर अंतर वाढवा, झटका नको.

शिस्तप्रिय

बघतो करून.

नवा_वाचक

माझाही एक प्रश्न यातच विचारून घेतो. आमचं देशी पिल्लू नऊ महिन्यांचं. पाचव्या महिन्यापर्यंत हाक मारली की धावत यायचं, आता बघून न बघितल्यासारखं करतं. शिकवलेलं विसरलं का? आता क्लास लावू का?

डॉ_शेपूट

विसरलेलं नाही, वयात आलंय. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत हा काळ चालतो, मोठ्या जातींत थोडा जास्त. जगातले वास अचानक तुमच्यापेक्षा रंजक होतात. याच वयात सगळ्यात जास्त लोक 'कुत्रं बिघडलं' म्हणून माझ्याकडे येतात, आणि काही जण तर सोडून द्यायची भाषा करतात. गच्चीवालींची दहा मीटरची दोरी आणा, मोकळं सोडणं सध्या बंद, खाऊची प्रत वाढवा, मागणी कमी करा: आधी घरात, मग जिन्यात, मग गेटपाशी. नर असेल तर नसबंदीबद्दल एकदा येऊन बोला, पण त्याने हाक ऐकू येईल अशी आशा ठेवू नका. क्लास लावायचा तर जरूर लावा, फक्त तिथेही दोरी तुमच्याच हातात हवी.